धुरा कोणी आखायचा?



१७ मार्च २०२५ चा दिवस नागपूरकर लवकर विसरणार नाहीत. धुळवड होऊन तीनच दिवस झाले होते. त्या दिवशी तिथीची शिवजयंती होती. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा म्हणून महाल भागात निदर्शने झाली. त्यात पवित्र वचने लिहिलेली चादर जाळली, अशी अफवा मोबाईलवरून पसरली. संध्याकाळी महालात दगड उडाले, रात्री हंसापुरीत गाड्या पेटल्या. शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली, ती पुरती उठायला २३ तारीख उजाडली. कितीतरी पोलीस जखमी झाले. जखमी झालेला एक माणूस पुढे इस्पितळात दगावला.

मी त्या रात्री गावाकडे होतो. आमच्या तालुक्याचा मोबाईलवर एक गट आहे. कापसाचे भाव, तुरीची आवक, पावसाचा अंदाज, सभेची तारीख, एवढेच त्यावर चालते. रात्री साडेअकराला त्यात एक व्हिडीओ येऊन पडला. काठ्या घेतलेला जमाव आणि वरून आवाज: ते तुमच्या गल्लीत येत आहेत, वाट पाहू नका, पहिला वार तुम्ही करा. मी दोनदा निरखून पाहिला. दुकानांच्या पाट्या मराठी नव्हत्या, हिंदीही नव्हत्या. कुठल्या राज्यातला, कोणत्या सालचा, देव जाणे. गटप्रमुख या नात्याने मी तो सगळ्यांच्या मोबाईलवरून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकणारा पोरगा दारात हजर. आपलाच कार्यकर्ता. सभेच्या सतरंज्या अंथरणारा आणि सभा संपल्यावर त्या उचलणाराही.

"भाऊ, तुमी त सभेत सांगता का सरकारनं कोनाचं तोंड बंद करू नये. मंग माहा व्हिडीओ काऊन काढला? सरकारनं काढला त जुलूम, अन् तुमी काढला त शानपन?"

प्रश्न रास्त होता. मी त्या दिवशी त्याला चहा पाजून वाटेला लावले, उत्तर दिले नाही. कारण उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. ते आज जिल्हा बैठकीपुढे मांडतो आहे.

काही जण म्हणतील, कपाशीला भाव नाही, ज्वारीचा पेरा घटत चालला, आणि हा माणूस व्हिडीओचे काय घेऊन बसला? हा शहरातल्या वकिलांचा विषय आहे. भावांनो, तसे नाही. आपली चावडी आता मोबाईलमध्ये आहे. बाजार समितीत आज काय भाव फुटला, गुलाबी बोंडअळीचे पतंग सापळ्यात किती आले, मोर्चा कुठून निघणार, हे सगळे आपण तिथेच बघतो. त्या चावडीवर कोणी काय बोलायचे आणि कोणाला उठवून बाहेर काढायचे, हे दुसराच कोणी ठरवत असेल, तर तो आपला प्रश्न आहे. वर्तमानपत्राच्या पानावर आपल्याला जागा नव्हतीच. ही एक जागा फुकट मिळाली होती. तीही आता राहते की जाते, असा सवाल आहे.

काढू नका म्हणणाऱ्यांनी राईनपाड्याला जावे

पहिल्यांदा आपल्याच बाजूच्या लोकांना दोन गोष्टी ऐकवतो. "बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे स्वातंत्र्य, काहीही काढू नका," असे म्हणणे सोपे आहे. असे म्हणणाऱ्याने एकदा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला जाऊन यावे.

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत तिथे पोचले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप आणि व्हिडीओ त्या दिवसांत घरोघरच्या मोबाईलवर होते. लोकांना संशय आला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून, ठेचून मारले. ज्यांच्या आजा-पणजाला आपल्या आजा-पणज्यांनी सूपभर ज्वारी वाढली, त्या भटक्यांचे हे मरण.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडीओ मूळचा कराचीचा होता. मुलांना सांभाळा, असे सांगण्यासाठी तो तिथे बनवला होता आणि त्याच्या शेवटी पळवलेले पोर परत आणून सोडतात. कोणीतरी शेवट कापला आणि उरलेला पुढे ढकलला. चांगल्या कामाची फीत, शेवट कापला आणि ती माणसे मारायला कारण झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. याचा अर्थ काय? मर्यादा घालता येत होती. पाच माणसे मेल्यावर घातली.

बाहेरच्या जगातही तेच. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च गावात एका माथेफिरूने मशिदीत नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि ते फेसबुकवरून थेट दाखवले. ५१ माणसे गेली. पहिल्या चोवीस तासांत त्या व्हिडीओच्या १५ लाख नकला काढल्या, असे कंपनीने स्वतः सांगितले. असल्या व्हिडीओला मत म्हणायचे? त्याला स्वातंत्र्याचे छत्र धरायचे? धुऱ्यावरच्या वाळल्या गवताला काडी लावणारा "मी फक्त काडी ओढली" म्हणतो, तसलेच हे. गंजी शेजाऱ्याची जळते.

तेव्हा काही व्हिडीओ काढावेच लागतील आणि तेही लवकर. यात माझ्या मनात शंका नाही.

पण काढले कोणाचे, तेही बघा

आता नाण्याची दुसरी बाजू. "जहाल मजकूर काढा" हा अधिकार हातात आल्यावर तो कोणावर चालला?

डिसेंबर २०२०. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी थंडीत बसले होते. त्यांच्या किसान एकता मोर्चाचे फेसबुकचे पान २० तारखेला अचानक गायब झाले. ओरड झाल्यावर काही तासांत परत आले. यंत्राने चुकून पकडले, असा खुलासा आला. फेब्रुवारी २०२१. सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने अडीचशेच्या आसपास खाती आणि मजकूर भारतात झाकले. त्यात किसान एकता मोर्चा होता आणि 'कॅरॅव्हॅन' हे मासिकही होते. संध्याकाळी ती उघडली. मग सरकारने १,१७८ खात्यांची आणखी एक यादी दिली. ही खलिस्तानी आणि पाकिस्तानी पाठिंब्याची खाती आहेत, असे सरकारचे म्हणणे. त्याच महिन्यात कंवर ग्रेवाल आणि हिम्मत संधू या पंजाबी गायकांची आंदोलनावरची दोन गाणी यूट्यूबवरून उतरली, तीही सरकारी तक्रारीवरून. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी पुन्हा दिल्लीकडे निघाले, पुन्हा खाती झाकली गेली. आम्हाला हे पटत नाही, पण हुकूम आहे म्हणून करतो, असे त्या कंपनीने जाहीर करून टाकले.

मी सगळ्यांचे वकीलपत्र घेत नाही. २०२१ च्या यादीतल्या काहींनी "शेतकऱ्यांचा नरसंहार ठरला आहे" असा खोटा, भडक मजकूर फिरवला होता. ते वाईटच होते. पण त्या एका यादीत विखारी कोण, थट्टेखोर कोण आणि गहू पिकवून दमलेला शेतकरी कोण, हे निवडले कोणी? यादी आपण पाहिली का? कारणे वाचली का? नाही. निंदणीला लावलेल्या माणसाने तणाबरोबर पीकही उपटले, तर मालक धुऱ्यावर उभा राहून विचारतो. इथे मालकाला शेतातच येऊ दिले नाही.

आपल्या विदर्भातले उदाहरण घ्या. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या कपाशीच्या बियाण्याची पेरणी केली. लपूनछपून नाही, जाहीर करून. गुन्हे दाखल झाले, ते त्यांनी अंगावर घेतले. ते बियाणे बरे की वाईट, हा वाद वेगळा. मी कृषी पदवीधर आहे, त्यावर कधीही बोलायला तयार आहे. पण सांगा, त्या पेरणीचा व्हिडीओ "बेकायदेशीर कृत्याला उत्तेजन" ठरतो की नाही? कायद्याच्या नुसत्या अक्षराने पाहिले तर ठरतो. मग १९३० साली मिठाचा व्हिडीओ निघाला असता तर तोही ठरला असता. कोणतेही खरे आंदोलन कोणत्या ना कोणत्या कलमात बसतेच. म्हणून "बेकायदेशीर ते सगळे काढा" हा नियम आंदोलन करणाऱ्याच्या गळ्यातला फास आहे.

आणि कंपन्यांची यंत्रे? २०१७ साली यूट्यूबने जहाल व्हिडीओ पकडायला नवे यंत्र लावले. त्याने सीरियातल्या बॉम्बफेकीचे, मेलेल्या लेकरांचे हजारो व्हिडीओ उडवले. ते जुलमाचे पुरावे होते. मारणाऱ्याची बढाई आणि मरणाऱ्याची तक्रार यंत्राला सारखीच दिसली. आपण शेतात हे रोज पाहतो. सरसकट फवारणी केली की अळी मरते आणि अळी खाणारा मित्रकीडही मरतो. पुढच्या पंधरवड्यात अळी दुप्पट होऊन येते.

माझाही अनुभव सांगतो. एका खरेदी केंद्रासमोर शेतकरी गाड्या आडव्या लावून बसले होते. कोणी कोणाच्या अंगाला हात लावला नाही. एका शेतकऱ्याने वैतागून स्वतःचा पायलीभर कापूस रस्त्यावर ओतला आणि पेटवला. मी ते टिपून टाकले. तिसऱ्या दिवशी ते नाहीसे झाले. एका ओळीचा निरोप आला की हे धोकादायक कृत्य आहे. मी दाद मागितली. चार मिनिटांत उत्तर आले: फेरविचार केला, निर्णय कायम. चार मिनिटांत ज्वारीची एक भाकर धड भाजून होत नाही, तिथे फेरविचार झाला.

जहाल कोण?

"जहाल" हा शब्द आपण शिवीसारखा वापरू लागलो. मराठी माणसाला तो तसा माहीत नव्हता. १९०७ ची काँग्रेस नागपूरला भरायची होती. जहाल आणि मवाळ यांची इथे एवढी जुंपली की अधिवेशन सुरतेला हलवावे लागले आणि तिथे पक्ष फुटला. पुढच्याच वर्षी 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षे मंडालेला पाठवले. सरकारच्या लेखी ते लेख चिथावणीचे होते. आज त्याच टिळकांच्या तसबिरीला सरकारी कचेरीत हार घालतात.

याचा अर्थ प्रत्येक भडक बोलणारा टिळक होतो, असा नाही. बहुतेक नुसतेच भडक असतात. अर्थ एवढाच, की बोलणे जहाल आहे की नाही हे ज्याच्यावर टीका होते त्यानेच ठरवायचे म्हटले, तर निकाल आधीच लागलेला असतो.

धुरा कुठे आहे

मग रेघ कुठे ओढायची? ही रेघ नव्याने शोधावी लागत नाही. आपल्या न्यायालयांनी ती ओढून ठेवली आहे आणि तिचा एक दगड नागपुरातच रोवला आहे.

इंग्रज जाण्याच्या सुमारास नागपूरच्या उच्च न्यायालयात छापील मजकुराच्या एका खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी एक कसोटी सांगितली. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने. ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकट दिसते, त्या भेदरट माणसाच्या मापाने नाही. हीच कसोटी १९८८ साली दूरदर्शनवरच्या 'तमस' मालिकेच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने उचलली. फाळणीच्या दंगली दाखवणारी ती मालिका बंद करायला न्यायालयाने नकार दिला. आणि २८ मार्च २०२५ रोजी, नागपूरची संचारबंदी उठून पाचच दिवस झाले असताना, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका व्हिडीओतल्या कवितेसाठी गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तिचाच आधार घेतला. नागपुरात घडलेली पहार दिल्लीत अजून कामाला येते. नागपूरकरांनाच तिचा विसर पडला.

दुसरा दगड २४ मार्च २०१५ चा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि त्या आवडल्या असे कळवले, म्हणून पालघरच्या दोन मुलींना पोलिसांनी धरले. त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. निकालाने तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडवट असोत, त्यांना हात लावायचा नाही. तिसरी पायरी आली की कायद्याने यावे.

आपल्या भाषेत सांगतो. "हे सरकार चोर आहे" ही चर्चा. "या धोरणाविरुद्ध रस्त्यावर उतरा" हा पुरस्कार. "अमक्या गल्लीतल्या तमक्या लोकांना आज रात्री मारा" ही चिथावणी. एप्रिल २०२३ मध्ये "पन्नास खोक्यां"वर रॅप म्हणणाऱ्या राज मुंगासे या पोरावर अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. कोणाला मारा म्हटले होते त्याने? तो पहिल्याच पायरीवर उभा होता. ज्याला झोंबले त्याने दुसरे गाणे म्हणावे.

देवाधर्माच्या अपमानाचे काय, असे कोणी विचारेल. अपमान झोंबतो, मलाही झोंबतो. त्याला शब्दाने उत्तर द्या, खटला करा, बहिष्कार घाला. पण ज्याला जे झोंबेल ते काढायचे म्हटले, तर शेवटी हवामानाचा अंदाज तेवढा शिल्लक राहील. तोही चुकला की कोणाच्या तरी भावना दुखावतील.

मोजणी कोणी करायची

रेघ ठरली तरी भांडण मिटत नाही. धुऱ्याचे भांडण तुम्हाला सांगायला नको. नकाशात रेघ असतेच. भांडण होते ते जागेवर दाखवायचे कोणी, यावरून.

धुऱ्याची मोजणी कशी होते? अर्ज द्यावा लागतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. भूकरमापक दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत माप टाकतो. 'क' प्रत हातात मिळते. पटले नाही तर निमताना मोजणी मागता येते. वेळ लागतो, चहापाणी लागते, लाख दोष आहेत. पण रात्री येऊन कोणी दगड सरकवला, तर त्याला मोजणी म्हणत नाहीत. चोरी म्हणतात.

व्हिडीओच्या बाबतीत काय चालते? कायद्यात दोन दारे आहेत. एक कलम ६९-अ चे. तिथे केंद्र सरकारने कारण लिहायचे, समितीपुढे ठेवायचे. तातडी असेल तर आधी बंद करून ४८ तासांत समितीपुढे न्यायचे. कागदावर बरे आहे, आणि म्हणूनच न्यायालयाने २०१५ साली हे कलम ठेवले. पण २००९ च्या त्याच नियमांत सगळे गुप्त ठेवण्याचाही नियम आहे. म्हणजे मोजणी झाली, पण नकाशा तुम्हाला दिसणार नाही.

दुसरे दार कलम ७९ चे. अधिकारी कंपनीला नोटीस देतो, कंपनीने काढले नाही तर तिचे कायदेशीर संरक्षण जाते. यासाठी केंद्रीय गृह खात्याने 'सहयोग' नावाचे संकेतस्थळ काढले. एक्स कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली, पण २४ सप्टेंबर २०२५ रोजी हरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियम दुरुस्त झाले. आता केंद्र किंवा राज्यात सहसचिव दर्जाच्या आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला अशी नोटीस सहसा काढता येत नाही. कारण लिहावे लागते, महिन्याला फेरतपासणी होते. सुधारणा चांगली आहे, तसे म्हणायला आपल्याला लाज नाही. पण कारण कळवायचे ते कंपनीला. ज्याचा व्हिडीओ गेला, तो विचारतच राहतो.

जुन्या लोकांना एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस आठवत असतील. विकायला एकच दार. ग्रेडर ढिगात हात घालणार, एक मूठ वर काढणार आणि म्हणणार, कवडी. का कवडी? उत्तर नाही. दुसरीकडे नेता येत नाही. आज व्हिडीओचा ग्रेडर तसाच आहे. फरक एवढाच की तो समोर उभासुद्धा राहत नाही. एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन परदेशी कंपन्या. सरकारला टीका नको आहे आणि कंपनीला झंझट नको आहे. दोघांच्या सोयीचे एकच: गुपचूप काढून टाकणे.

युरोपात फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्याने कंपन्यांना भाग पाडले आहे. मजकूर काढला तर टाकणाऱ्याला कारण द्या, दाद ऐका, आणि ती नुसत्या यंत्राच्या भरवशावर निकाली काढू नका. तिथे जमते, इथेही जमेल. कंपन्या त्याच आहेत.

बोलणे वेगळे, दवंडी वेगळी

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. चावडीवर कोणीही काहीही बोलावे. पण कोतवालाने त्याची दवंडी गावभर पिटली, तर ती कोतवालाचीही जबाबदारी होते. यूट्यूब आणि फेसबुक नुसती चावडी नाहीत. तुम्ही एक व्हिडीओ बघितला की दुसरा पुढे करतात, दुसऱ्याहून तिखट तिसरा. रागावलेला माणूस मोबाईल खाली ठेवत नाही आणि तो जेवढा वेळ बघेल तेवढ्या जाहिराती विकल्या जातात. म्हणजे आपला संताप हा त्यांचा माल झाला. कापूस आपला, रुई त्यांची, तसेच हे.

म्हणून कंपनी जेव्हा "आम्ही बोलण्याच्या स्वातंत्र्याचे रखवालदार" म्हणते, तेव्हा हसू येते. बोलणाऱ्याला बोलू द्या. पण त्याची दवंडी पिटून पैसा करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ मध्ये कुठे लिहिले आहे? कितीतरी व्हिडीओ काढण्याची गरजच पडणार नाही, कंपनीने ते ढकलणे थांबवले तर. पाचवर मर्यादा घालणे २०१८ मध्ये जमले, तर हेही जमेल.

तातडीचे काय?

पोलीस म्हणतील, दंगल पेटली असताना नोटिसा आणि सुनावण्या कुठे करत बसायच्या? बरोबर आहे. नागपूरच्या दंगलीत राज्याच्या सायबर विभागाने शंभरावर आक्षेपार्ह मजकूर आणि व्हिडीओ शोधून ते काढायला सांगितले. त्यातले जे मारा-जाळा म्हणणारे होते, ते काढले ते बरेच केले. आग लागली की आधी पाणी, मग पंचनामा. पण पंचनामा झालाच पाहिजे. दंगल शमल्यावर त्या शंभराची यादी, प्रत्येकाचे कारण आणि कोणत्या कायद्याखाली, हे लोकांपुढे यायला हवे.

पंचनामा टाळला की काय होते, तेही नागपूरने त्याच आठवड्यात पाहिले. २४ मार्च २०२५ रोजी दंगलीतल्या प्रमुख आरोपीचे घर महापालिकेने पाडले. खटला चाललेला नाही, गुन्हा शाबीत नाही. आधी नोटीस, मग सुनावणी, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ लाच बजावले होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी पुढच्या पाडकामाला स्थगिती दिली, तोवर ते घर जमीनदोस्त झाले होते. तो माणूस दोषी असेल तर कायद्याने त्याला कडक शिक्षा व्हावी. पण आज बुलडोझर त्याच्या दारात गेला, उद्या कर्जवसुलीच्या नावाने तुमच्या दारात येईल, तेव्हा तुम्ही कोणत्या तोंडाने नोटीस मागाल? ज्याची बाजू घ्यायला जीभ रेटत नाही, त्याच्यासाठी मागितलेली नोटीसच शेवटी आपल्या कामाला येते.

त्या पोराला उत्तर

आता त्या पोराचा प्रश्न. बापू, तुझा व्हिडीओ मी काढला, कारण तो पहिला वार करा म्हणत होता. तिसरी पायरी. तू त्यात सरकारला, मला, आपल्या संघटनेला शिव्या दिल्या असत्या, तर तो राहिला असता. माझी चूक दुसरीच झाली. मी तो गुपचूप काढला. गटावर माझ्या नावाने लिहायला हवे होते: हा काढला, मी काढला, या कारणासाठी काढला, कोणाचे म्हणणे असेल तर बैठकीत बोला. ते मी केले नाही. म्हणजे सरकार आणि कंपनी जे करतात तेच मी घरात केले. त्याबद्दल तुझी आणि बैठकीची माफी मागतो.

भावांनो, कपाशीच्या गाद्या भरायला येणारा पिंजारी, डबडे वाजवत येणारा डवरी, आपल्या ट्रॅक्टरवर बसणारा कोणत्याही जातीधर्माचा ड्रायव्हर, यांचा जीव आपल्या अंगठ्याखाली आहे. पुढे ढकलण्याआधी तो अंगठा थांबला पाहिजे. तो थांबवायला कायदा लागत नाही, लाज लागते.

जिल्हा बैठकीपुढे ठराव ठेवतो. चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, विरोध असेल तर उभे राहून करा:

१. विशिष्ट माणसांवर किंवा समाजावर हात उचलायला सांगणारा व्हिडीओ काढावा. टीका, थट्टा, गाणे, आंदोलनाची हाक यांना हात लावू नये.

२. काढण्याचा प्रत्येक हुकूम लेखी, सकारण असावा आणि तो व्हिडीओ टाकणाऱ्याला मिळावा. तातडीने काढला तर ठरलेल्या मुदतीत त्याला सुनावणी मिळावी. गुप्ततेचा नियम रद्द व्हावा.

३. काढलेल्याची यादी सरकारने आणि कंपन्यांनी दर महिन्याला प्रसिद्ध करावी. पुरावा म्हणून मूळ प्रत जपून ठेवावी.

४. कंपनीने मराठी समजणारी माणसे नेमावीत आणि दाद माणसाने ऐकावी. भडक मजकूर आपणहून पुढे करणे बंद करावे.

५. आपल्या प्रत्येक तालुका गटावर हेच नियम आजपासून लागू. काढणाऱ्याने नाव आणि कारण लिहावे. कुठला, केव्हाचा हे माहीत नसलेला व्हिडीओ कोणीही पुढे पाठवू नये.

पहिले चार ठराव मुंबई-दिल्लीला पाठवायचे आहेत. त्यांचे काय होईल ते आपल्या हातात नाही. पाचवा मात्र कोणाला पाठवायचा नाही. सभा संपून सतरंज्या उचलायच्या आत तो लागू करू.